मांजरसुंब्याहून आलेला पाव्हणा

नातीनं मोबाईलवर हा भुताखेतांच्या गोष्टींचा ग्रुप दाखवला आणि म्हणाली, "आजी, तूपण लिही की. तुझ्यासारखे पुड्या सोडणारे इथं खूप आहेत." तर आधीच सांगते, पुडीच सोडायची असती तर यापेक्षा झकास सोडली असती. करणी, मूठ, बाहेरचं... यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. अमावस्येला न्हायले, तिन्हीसांजेला नखं कापली, तीही सासूच्या समोर बसून. काही झालं नाही. सासूचं बीपी तेवढं वाढलं.

वीसेक वर्षं झाली असतील. आम्ही केजचे. आमच्या यांचं, म्हणजे सुदामरावांचं, तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान. आणि मी? मी ब्यूटी पार्लरवाली! पार्लर म्हणजे बाहेरच्या खोलीत एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि भुवया कोरायचा दोरा. पण तोरा असा, की केज तालुक्याला तोंड धुवायला मीच शिकवलं. आज तेव्हाची ती मी समोर आली तर तिला बसवून आधी दोन शब्द ऐकवीन.

दिवाळीच्या सुट्टीत वेरूळ-अजिंठ्याला जायचं ठरलं. मी, हे, आमची प्रिया (तेव्हा नववीत), आणि गल्लीतले मुनीरभाई. त्यांचं गॅरेज होतं. जीपही त्यांचीच, चालवणारेही तेच. सासूबाई घरी राहणार होत्या. आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. शेजारच्या मुनीरभाईंच्या अम्मी त्यांच्या सोबतीला येऊन थांबल्या. निघताना आत्याबाईंनी यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सुदाम्या, लवकर ये रं. लई येळ लावू नको."

"कावून, कुकुलं बाळ हाय का ते?" मी म्हणाले. गॉगल लावला आणि जीपमध्ये बसले.

वेरूळला मी उंच टाचांच्या सँडल घालून गेले. हसा. त्या कोरलेल्या बायका हजारो वर्षं अनवाणी उभ्या आहेत आणि ही केजची रंभा लेण्यांत टाच वाजवत फिरतीय! कैलास लेण्याच्या पायरीवर एक टाच तुटली. मी रडायच्या बेतात. यांनी काय करावं? खाली बसले, दगड घेतला आणि दुसऱ्या सँडलचीही टाच ठोकून काढली. म्हणाले, "घे. आता दोनी सारख्या झाल्या." मी त्या सँडल घालून अजिंठाही पाहिला. माझ्या लग्नाच्या आयुष्यातला तेवढा एक दिवस मला कुणी परत दिला, तर बाकीचे सगळे त्याच्या बदल्यात देऊन टाकीन.

परतीच्या दिवशी बीड मागं टाकून मांजरसुंब्याला जेवायला थांबलो. दुपार कलली होती. फाट्याजवळचा ढाबा, मागं पाण्याची टाकी, तिच्यामागं ज्वारीचं रान. शेवभाजी, भाकरी, ठेचा... पोटभर जेवलो. हे "हात धुऊन येतो" म्हणून मागं गेले. आम्ही जीपमध्ये जाऊन बसलो. बराच वेळ झाला. मुनीरभाईंनी हॉर्न दिला, परत दिला. प्रिया मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती. मी पुढं बसून आरसा माझ्याकडं वळवून घेतला होता. ठेच्यानं लिपस्टिक गेली होती ना!

मागचं दार वाजलं. कुणीतरी बसलं. "चला," म्हणाले.

"किती येळ हो?" मी ओठ रंगवत विचारलं.

"गर्दी होती."

झालं एवढंच. धुकं नाही, किंकाळी नाही, पांढरी साडी नाही. आरशात मला माझे ओठ तेवढे दिसत होते. पुढं नेकनूरच्या आसपास मुनीरभाई हळूच म्हणाले, "भाभी, ढाब्यावर गर्दी कुठली? आपणच होतो की." मी म्हणाले, "बिडी ओढत बसले असतील, थाप मारतात." आणि विसरून गेले.

घरी पोचलो तर आत्याबाई दारातच. गावाहून आलेल्यांवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं आणि मगच घरात घ्यायचं, ही त्यांची रीत. दिसत नव्हतं, म्हणून आधी डोक्यावर हात ठेवायच्या, माणूस ओळखायच्या आणि मग ओवाळायच्या. प्रियाचं झालं. माझ्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "आली भवानी, अत्तर मारून." मग यांच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

पदर नीट केला, डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाल्या, "पाव्हणं कोण हायती? या, बसा. सूनबाई, सुदाम कुठं हाय?"

आम्ही हसलो. हेही हसले. "आई, मीच हाय की."

"आवाज त्याच्यावाणीच हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "पण सुदाम कुठं राहिला? मुनीर, तू संगं होतास ना बाबा? तुझ्याबरुबर धाडलं होतं मी."

मुनीरभाई कानाची पाळी धरून म्हणाले, "आत्या, अल्ला कसम, सुदामभाईच हायती ह्ये."

आत्याबाई दारातनं हलल्या नाहीत. सुदामच्या वाट्याचा भाकरीचा तुकडा मुठीत तसाच.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. ज्या बाईनं पोटच्या पोराला जन्मभर "ए सुदाम्या, मेल्या" म्हणून हाक मारली, ती त्याला "अहो पाव्हणं, जेवा" म्हणायला लागली. ताट आधी त्यांना. भाजीवर तेल जास्त त्यांना. ते समोर आले की पदर सावरून बसायच्या. आणि दिवस मावळायला लागला की भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन दारात.

डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं, माणसं विसरतात. बरं. पण मग प्रियाला नाही विसरल्या, मला नाही, कुणाच्या लग्नात मी कुठली साडी नेसले होते तेही नाही! मी तर शहाणी. मी परीक्षा घेतली. गल्लीतले दूधवाले सोपानदादा, मुनीरभाई आणि हे, तिघांना ओळीनं बसवलं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद देऊन. यांना तर मुनीरभाईंचा ग्रीसचा वास मारणारा शर्टही घातला. आत्याबाईंचा हात धरून एकेकाच्या डोक्यावर ठेवला.

"सोपान. दुधात पानी कमी घाल."

सगळे खुदखुदले.

"मुनीर."

मग यांच्या डोक्यावर. हात काढून घेतला. "पाव्हण्यास्नी कावून मांडी घालून बसवलंय भुईवर? खुर्ची द्या."

त्या दिवसापासून मला हसू येईनासं झालं.

यांचं काय झालं असेल, बघा. वय वर्षं पन्नास, पण आईपुढं मांडी घालून लहान पोरासारखे बसायचे. लहानपणी विहिरीत पडले होते ते सांगायचे, बापाचा मार सांगायचे, कपाळावरच्या खोकेवर आईचं बोट नेऊन ठेवायचे. त्या सगळं ऐकून घ्यायच्या. "खरंय," म्हणायच्या. "समदं त्यानं सांगितलं असंल तुमाला."

एकदा हे रडलेच. हुंदके देऊन. मी स्वयंपाकघरात होते, हातातलं पीठ तसंच घेऊन दाराशी आले. आत्याबाईंनी चाचपत यांचा हात धरला. खूप दिवसांनी पहिल्यांदाच धरला होता. मला वाटलं, सुटलो!

त्या म्हणाल्या, "रडू नका बाबा. तुमी माणूस चांगलं हाव. पर तुमच्या आईला कुणी सांगितलं का, तुमी हितं हाव म्हणून? ती बी दारात बसली आसंल. जा घरी."

दोन पावसाळे तसेच काढून त्या गेल्या. शेवटी पाणीही यांच्याच हातून घेतलं. "उपकार झाले," एवढं म्हणाल्या, आणि नजर नसलेले डोळे दाराकडं लावून गेल्या. पोटचा मुलगा उशाशी असताना ती माउली मुलाची वाट बघत मेली. यापेक्षा वाईट मी काही पाहिलं नाही.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही बायको ना, तुम्हाला काही फरक जाणवला का? मीही बघितलं हो. वर्षानुवर्षं बघितलं. झोपेत बघितलं, जेवताना बघितलं. घोरणं तेच. बशीतून चहा तोच. कपाळाची खोक जागेवर. एकदा मुद्दाम वेरूळच्या सँडलचा विषय काढला. सगळं बरोबर सांगितलं, दगड कुठून उचलला तेसुद्धा. मग समाधान व्हायला हवं होतं ना? पण आत्याबाईंचं वाक्य डोक्यात बसलेलं. समदं त्यानं सांगितलं असंल तुमाला. एकदा संशय आला की खऱ्या माणसानंही स्वतःला सिद्ध करायचं कसं?

मागच्या वर्षी हे अचानक म्हणाले, "मांजरसुंब्याला जाऊन येऊ." एसटीनं गेलो. रस्ता मोठा झालाय, तो ढाबा कुठं होता तेही ओळखू येत नाही. अंदाजानं मागच्या बाजूला गेलो. रान होतं अजून थोडं. हे कडेला उभे राहिले, हातात टोपी. मी या खेपेला नजर काढली नाही त्यांच्यावरून.

"काय बघताय?"

"काय न्हाई गं." मग म्हणाले, "तो हितंच कुठं आसंल तर... म्हातारी गेली, एवढं त्याला सांगावं म्हणलं."

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं केज म्हणतं. तिथं मात्र मी नुसता यांचा हात धरला आणि बसकडं निघाले.

तुमच्यात कुणी डॉक्टर असतील, कुणी जाणते असतील. काही उलगडत असेल तर जरूर कळवा. पण मला आता कशानंच पटेल असं वाटत नाही. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी केज येईपर्यंत शेजारच्या माणसाचा हात घट्ट धरून बसले होते. कुणाचा, ते विचारू नका.