कपाळावरची हळद

नगरच्या कॉलेजात मी गुन्हेगारीशास्त्र शिकवते. गावातले खून आणि गावातली उतरंड यांचा संबंध शोधण्यात माझी सारी नोकरी गेली. माझ्यामुळे कुणाला त्रास होईल ही धास्ती मात्र गेली नाही. शोधनिबंधात मी गावाचं नाव बदलते, माणसांचंही बदलते. पण पाहुणा कुणाच्या घरी आलाय हे गावापासून कसं लपवायचं?

शेवगावकडच्या एका गावात मी एका मावशींना भेटायला गेले होते. त्यांचा मुलगा मजुरी वाढवून मागायला गेला आणि बागाईतदाराच्या माणसांनी त्याला मारून टाकलं. खटला उभा राहायचा होता. डोळ्यांनी पाहिलेलं सांगणाऱ्या या एकट्याच. त्या फिरल्या की सगळं संपलं. माझ्या येण्यानं त्यांच्यावर दबाव वाढू नये म्हणून मी गाडी फाट्यावर ठेवली आणि तुरीतून चालत मागच्या दारानं गेले. खटल्याचा विषय काढायचा नाही हा माझा नियम. आम्ही मजुरीबद्दलच बोललो.

निघताना मावशींनी करंडा काढला. "सवाष्ण तुमी, अशा कशा जाता?"

नाही म्हणायची माझी टाप नव्हती. पण तुरीच्या आडोशाला आल्यावर मी रुमालानं कपाळ खसाखसा पुसलं. आई असती तर थोबाडीत दिली असती.

फाट्यावरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एकानं विचारलं, "कुनाकडं आल्ता, मॅडम?"

"कुणाकडे नाही. रस्ता चुकले."

तो माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला, "कुंकू पुसलं, पर हळद ऱ्हायली की."

नगरला घरात पाऊल टाकताच मी मावशींना फोन लावला. "मावशी, मी आल्याचं त्यांना कळलं. तुम्हाला काही झालं तर?"

"कळू द्या," त्या म्हणाल्या. "पोरगं गेल्यापास्नं आमच्या दाराची पायरी कुनी चढलं न्हाई. एकटी हाय, आज ना उद्या फिरंल, असं म्हनत्यात ती. आता कळलं त्यास्नी, येतंय कुनीतरी." मग म्हणाल्या, "पुढच्या बारीला गाडी दारात लावा."

साक्षीच्या आदल्या आठवड्यात मी गाडी दारात लावली. समोरच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. मी किल्ली काढून खाली उतरले. मावशी करंडा घेऊन अंगणातच आल्या, आणि मी सगळ्यांदेखत कपाळ पुढे केलं.