"कोणी पाहिलं?"

बाई पुस्तक उघडायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "कोणी पाहिलं?"

मुलांच्या निसर्ग-विज्ञानाच्या पुस्तकांवर एवढा संशय घेणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलं नसेल. आणि घ्यायची असायची तीच पुस्तकं. मुधोळकडच्या एका मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. शाळेच्या कपाटासाठी दर जूनला बसने आदिलाबादला, माझ्या दुकानात यायच्या.

"बाई, छापलंय ना ते," मी म्हणायचो.

"छापणाऱ्यानं पाहिलं का?"

मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. गठ्ठे उचलत उचलत दुकान उभं केलं, तेही तोंडाच्या जोरावर. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. ही बाई किमतीबद्दल शब्द काढायची नाही, आणि मग गांडुळावरून अर्धा तास भांडायची.

"काही तरी भाव करा ना, बाई."

"भाव राहू द्या, शेठ. या गांडुळाला डोळे कुठून आले?"

खरंच, चित्रातल्या गांडुळाला दोन डोळे होते. वर ते हसतही होतं.

एका जूनला त्यांनी पिकांचं पुस्तक उचललं. कपाशीच्या पानावर फिक्कट पिवळं फूल होतं. मी सहज बोलून गेलो, "हे अर्धंच आहे, बाई. दुसऱ्या दिवशी हेच फूल गुलाबी होते."

चष्मा कपाळावर गेला. "कोणी पाहिलं?"

"मी. सारं लहानपण कपाशीत गेलं माझं."

"बरं. पोळा जाऊ द्या. फुलं आली की आम्ही पाहून घेऊ."

दुकानात दोन मास्तर उभे होते. माझं डोकं फिरलं. "म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो का? पुस्तकाले इचारता तेच मले काऊन इचारता?"

"तुम्ही काय पुस्तकापेक्षा मोठे लागून गेले?"

मास्तर हसले. मी गठ्ठा काउंटरवर आदळला. बाईंनी ते पुस्तक शांतपणे पिशवीत टाकलं आणि बस गाठली.

आता तुम्हीच सांगा. पुस्तकाला माहीत नाही आणि मला माहीत आहे, असं जन्मात एकदा झालं, तर तिथेही साक्षीदार हवा? हा राग मी वर्षभर जपला. पुढच्या जूनसाठी चार खणखणीत उत्तरं तयार ठेवली.

जूनमध्ये बाई आल्याच नाहीत. शाळेतून फोनवर यादी आली. गठ्ठा घेऊन मी स्वतः गेलो. भांडण बाकी होतं.

"बाई रिटायर झाल्या ना," नवे गुरुजी म्हणाले. "पोरीकडं गेल्या, नागपूरला."

चार उत्तरं घेऊन मी तसाच उभा राहिलो. समोर कपाट उघडं होतं. पिकांचं पुस्तक काढून मी कपाशीचं पान शोधलं.

फुलाच्या चित्राखाली पेन्सिलीने, बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. त्याखाली, कोणी पाहिलं? आणि मग नावंच नावं. पोरापोरींची, वाकडीतिकडी, पार पानाच्या कडेपर्यंत. शेवटी बाईंचं.

सगळ्यात वर, पहिलं नाव माझं होतं. बिलावर छापलेलं असतं तसं, वडिलांच्या नावासकट.

मी पुस्तक जागच्या जागी ठेवलं. तोवर गुरुजींनी माझा गठ्ठा सोडला होता आणि एकही पुस्तक न उघडता ते कपाटात रचत होते.

"थांबा गुरुजी," मी म्हणालो. "आधी गांडुळाचं पान पाहून घ्या."