तीन महिन्यांची अळीमिळी गुपचिळी

गंगापूर रोडवरच्या त्या लॅबमध्ये नवीन पोरगी कामाला लागली की जुन्या पोरी तिला पहिल्याच दिवशी बजावतात. डॉक्टरांना एक वेळ उलट बोललीस तरी खपेल, पण गांगुर्डे मॅडमसमोर उघड्या हातानं बाटलीला हात लावू नकोस. आणि नवीन पोरगी हसते, आणि दुपारपर्यंत बोलणी खाते. ललिता गांगुर्डे यांचा राग नाकाच्या शेंड्यावर. मास्क हनुवटीवर आला, बोलणी. टेबलापाशी पाण्याची बाटली दिसली, बोलणी. पाठीमागं पोरींनी त्यांचं नाव हवालदार ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

आता ही रक्त-लघवी तपासायची लॅब नव्हे. इथं ऑपरेशनमधून काढलेले शरीराचे तुकडे येतात. कुणाची गाठ, कुणाचं गर्भाशय. ती गाठ साधी की कॅन्सरची, हे इथं ठरतं. तुकडा खराब होऊ नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये बुडवून येतो, मग तो कापायचा, झायलीन नावाच्या उग्र वासाच्या रसायनातून काढायचा, मेणात बसवायचा, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचा. गंमत बघा, कॅन्सर शोधायला जे फॉर्मॅलिन लागतं, त्याचीच वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली तर ती माणसाला कॅन्सर देऊ शकते. आणि पोटात बाळ असेल, तर फॉर्मॅलिन काय आणि झायलीन काय, दोन्हीपासून लांब राहिलेलं बरं. त्यातही पहिले तीन महिने तर फारच जपायचे, कारण बाळाचे हातपाय, काळीज, सगळं त्याच दिवसांत घडत असतं.

ललिताबाईंना हे पुस्तकातून कळलं, पण उशिरा कळलं. त्या सायखेड्याच्या. कोर्स करून नाशकात पहिली नोकरी लागली ती एका जुन्या लॅबमध्ये, आता ती बंद पडली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. वाफ बाहेर ओढायला पंखा नाही. फॉर्मॅलिन उघड्या हातानं ओतायचं, डोळ्यांतून धारा लागल्या की पदरानं पुसायच्या आणि पुन्हा कामाला लागायचं. कुणी दुष्ट नव्हतं हो. कुणाला पडलेलीच नव्हती, एवढंच. त्या दिवसांत ललिताबाईंना दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. त्यानंतर पाळणा हलला नाही तो नाहीच. ते फॉर्मॅलिनमुळं झालं का, हे एकाही डॉक्टरनं छातीठोक सांगितलं नाही, आणि ललिताबाईही तसं म्हणत नाहीत. धनराजभाऊ, त्यांचे मिस्टर, भला माणूस. त्यांनी कधी शब्दानं दुखवलं नाही. पण खात्री नसण्याचं दुःख वेगळं असतं. ते संपतच नाही.

या लॅबमध्ये आल्यावर मात्र त्यांना डॉक्टर चांगले भेटले. वाफ ओढून घेणारं टेबल आलं, गाळणी लावलेले मास्क आले, झायलीनसाठी वेगळे हातमोजे आले. ललिताबाई इनचार्ज झाल्या तेव्हा त्यांनी भिंतीवर एक कागद लावला, शुद्ध मराठीत, स्वतःच्या हातानं लिहून. जिला दिवस गेले असतील किंवा जिचा तसा विचार असेल, तिनं इनचार्जला सांगावं. तिला लगेच फॉर्मॅलिन-झायलीनचं काम बंद, खिडकीजवळच्या टेबलावर स्लाइडवर नंबर घालायचं काम चालू. पगार तोच. कुणी कारण विचारणार नाही.

आणि एवढं करून काय झालं? एकही पोरगी वेळेत सांगायला आली नाही. जी आली ती चौथा-पाचवा लागल्यावर, पोट दिसायला लागल्यावर. ललिताबाई कपाळाला हात लावायच्या. आपल्याकडं पहिले तीन महिने झाकली मूठ. माहेरी सांगायचं नाही, शेजारी सांगायचं नाही, नजर लागते म्हणून. त्यांनाही ठाऊक होतं, त्याही त्याच रीतीत वाढल्या होत्या. नेमके जपायचे ते तीन महिने, आणि नेमकी त्याच तीन महिन्यांची अळीमिळी गुपचिळी. रीत लावणाऱ्यांना झायलीन माहीत नव्हतं, त्यांचा काय दोष?

मग स्नेहल आली. नांदगावची पोरगी, लग्न होऊन नाशकात सासरी आलेली, हात इतका हलका की तिनं कापलेला तुकडा डॉक्टर कौतुकानं बघायचे. पहिल्यांदा तिला दिवस गेले होते तेव्हा तिनं हौसेनं अख्ख्या लॅबला पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात ती रजेवर गेली आणि उतरलेलं तोंड घेऊन परत आली. पेढ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ललिताबाईंच्या लक्षात आलं. स्नेहल चहा नको म्हणायला लागली. फॉर्मॅलिनचा डबा उघडला की तोंड फिरवायला लागली. एकदा कपाट उघडताना तिचा हात नकळत पोटावर गेला. शितावरून भाताची परीक्षा, ललिताबाईंना विचारायची गरजच नव्हती. आणि विचारायची हिंमतही नव्हती. एवढी जहाल बाई, पण तिथं तिची जीभ टाळूला चिकटायची. ज्या बाईची कूस उजवली नाही तिनं असलं काही विचारायचं, आणि उद्या देव न करो, काही झालं, तर? लोक काय म्हणतील ते म्हणोत, स्नेहल काय म्हणेल?

म्हणून त्यांनी न बोलता काम बदललं. स्नेहलला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि तिचं झायलीन बदलायचं काम स्वतःकडं घेतलं. मनात म्हणाल्या, झालं, सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

कसलं झालं. स्नेहलनं तोंड पाडलं.

"मॅडम, माझं काही चुकलं का?" तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. "माझा हात बिघडला का?"

"काही बिघडलं नाही. सांगितलंय ते कर."

आता हे काय उत्तर झालं? पोरगी घरी जाऊन रडली असणार. तिला वाटलं, आपल्याला हळूहळू कामावरून काढताहेत. म्हणून तिनं काय करावं? ललिताबाई यायच्या आधी लॅबमध्ये यायला लागली, आणि गुपचूप झायलीन बदलून, डबे पुसून, काही झालंच नाही अशा थाटात टेबलावर बसायला लागली. ताजं झायलीन दिसलं की ललिताबाईंना वाटायचं, दुसऱ्या कुणी बदललं असेल. कामसू पोरीला शिक्षा म्हणून आराम दिला की असंच व्हायचं.

एके दिवशी ललिताबाईंना इंदिरानगरहून येताना रिक्षा लवकर मिळाली. त्या आत शिरल्या तर स्नेहल झायलीनचा कॅन दोन्ही हातांत धरून ओतत होती. वाफ ओढायचा पंखा बंद, कारण तो लावला की आवाज होतो. मास्क हनुवटीवर, कारण मास्कमध्ये मळमळतं.

ललिताबाईंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला. अख्खी लॅब गोळा झाली. अक्कल गहाण टाकलीस का, कुणी सांगितलं होतं, मरायचंय का, सगळं बोलून झालं. दिनेश, तो नवीन लग्न झालेला टेक्निशियन, दारातच खिळला. स्नेहलनं कॅन खाली ठेवला आणि ओक्साबोक्शी रडली. रडता रडता उलटी आली म्हणून पळाली. तेव्हा सगळ्यांनी ललिताबाईंकडं न बघता आपापलं काम धरलं.

ते न बघणं त्यांना खुपलं. त्यांनी सफाईच्या सरुबाईला मागच्या जिन्यात गाठलं.

"सरू, खरं सांग. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं ना?"

सरुबाई पेठ तालुक्याकडची, लपवाछपवी तिच्या रक्तात नाही. "माहीत हाय की. दुसरा सरत आला."

"मग मलाच का नाही सांगितलं? मी खाते का पोरींना?"

सरुबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "बाई, तुमास्नी कुणीच सांगत नाय. ती संजना व्हती, तिनं बी नाय सांगितलं. तिच्या आधीच्या पोरीनं बी नाय. पोरी एकमेकींस्नी सांगतात, मला सांगतात. तुमास्नी शेवटाला."

"नजर लागेल म्हणून?"

"कुणी तसं बी म्हणलं आसंल, मी खोटं नाय बोलायची. पण स्नेहल तशी नाय. ती म्हणते, मॅडमला लेकरू नाय, आपण कोणत्या तोंडानं सांगायचं. मॅडमच्या काळजाला घरं पडतील. लय जीव हाय तिचा तुमच्यावर."

ललिताबाई पायरीवरच बसल्या. त्यांना राग आला, मग लाज वाटली, मग नुसतं रडू आलं. इतकी वर्षं त्या रीतीला दोष देत होत्या. आणि पोरी मूठ झाकत होत्या ती त्यांच्यापासूनच. कामं वाटणारी बाई ती, आणि तिलाच दया दाखवून शेवटी सांगायचं. तेवढे सगळे दिवस त्या पोरी झायलीनपाशी उभ्या राहिल्या, कशासाठी, तर ललिताबाईंचं मन दुखू नये म्हणून. सरुबाई बाजूला येऊन बसली.

दुपारी ललिताबाईंनी स्नेहलला गच्चीवर नेलं. समोर वाळत घातलेले पांढरे कोट वाऱ्यानं हलत होते. काय बोलायचं ते ठरवून आल्या होत्या, ते सगळं विसरलं.

"सकाळी ओरडले ते चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "घाबरले होते गं. मला भीती वाटली, की मग ओरडण्याखेरीज काही सुचत नाही."

स्नेहल खाली मान घालून बोटाला ओढणी गुंडाळत राहिली. "आईंनी शपथ घातली होती. गेल्या वेळी मीच गावभर सांगत सुटले म्हणून..." तिला पुढं बोलवेना. आई म्हणजे तिच्या सासूबाई, मालनबाई. "आणि तुम्हाला कसं सांगणार, मॅडम? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटतं," ललिताबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? रस्त्यात कुणाच्या कडेवर बाळ दिसलं तरी वाटतं. माझी दोन गेली, त्याला किती वर्षं झाली, तरी वाटतं. पण ते दुःख माझं आहे, ते मी सांभाळीन. माझं मन जपायला तुझ्या बाळानं झायलीन हुंगायचं का?"

स्नेहलनं मान वर केली.

"आणि ऐक. तुझं गेल्या वेळचं तू पेढे वाटलेस म्हणून गेलं नाही. कशानं गेलं ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण बोलल्यानं जात नाही. सासूबाईंची शपथ मोडू नकोस, त्यांचंही मन आहे. त्यांना एवढंच सांग की मॅडमला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे. हातमोजे घालतो ना, तसंच ते. कामाचाच भाग. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

"टेबलावर बसलं की सगळ्यांना कळतंच, मॅडम," स्नेहल हळूच म्हणाली. "म्हणून तर कुणी बसायला तयार नसतं."

घ्या. एवढी हुशार बाई, पण ही गोष्ट तिच्या कधी ध्यानातच आली नव्हती. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे चारचौघांत दवंडीच. ललिताबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी स्नेहलला जवळ घेतलं, आणि पोरगी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळचं टेबल पाळीनं सगळ्यांना आलं. पुरुषांनाही. दिनेशनं कुरकुर केली की मॅडम, माझा काय संबंध. ललिताबाई म्हणाल्या, "बाप व्हायचंय ना पुढंमागं? काही रसायनं बाप होणाऱ्यालाही सोडत नाहीत. बस गुपचूप." दिनेश कानापर्यंत लाल झाला आणि बसला. कोण पाळीनं बसलंय आणि कोण गरजेनं, हे आता ललिताबाईंखेरीज कुणालाच ओळखता येईना. त्यांनी पोरींना गोळा करून आणखी एक सांगितलं, जरा अडखळत, पण सांगितलं. "अशी बातमी कळली की मला आनंद होतो. थोडं वाईटही वाटतं. दोन्ही वाटू दे. पण आधी मला कळवा." सरुबाईनं मागून मान डोलावली.

उन्हाळ्यात स्नेहलला मुलगी झाली. सातपूरच्या दवाखान्यात मालनबाईंनी तान्हं बाळ सरळ ललिताबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या, तुमीच राखलं." ललिताबाईंनी मान हलवली. राखलं असं त्या म्हणत नाहीत. धोका कमी केला म्हणतात, बाकी आपल्या हातात काय असतं. पण बाळाला त्यांनी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

यंदा थंडीच्या सुरुवातीला, सकाळच्या गडबडीत, ललिताबाई वाफ ओढायच्या टेबलापाशी तुकडा कापत उभ्या होत्या. तेजल दाराशी येऊन थांबली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि लॅबमध्ये सगळ्यात मुखदुर्बळ पोरगी कोण, तर ती. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"मॅडम, जरा सांगायचं होतं. सकाळीच कळलं. घरी नाही सांगितलं अजून. यांनाही नाही. म्हटलं, कामाला लागायच्या आधी तुम्हाला सांगावं."

ललिताबाईंनी चाकू ठेवला, डब्याचं झाकण घट्ट लावलं, हातमोजे काढून टाकले, कोट उतरवला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि पुसले. तेजल तेवढा वेळ दाराशी थांबून होती. मग ललिताबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला.