काकींच्या हातातला राउटर

माझ्या रेडिओच्या छंदाची आमच्या घरी यथेच्छ टिंगल होते. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओ चालवायचं, लायसन्स काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हातात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला?" त्यांना उत्तर हवं असेल तर त्यांनी अनंत चतुर्दशीला लालबागला यावं. रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते आणि गर्दीने नेटवर्क बसून हातातला मोबाइल धोंड्याच्या मोलाचा झालेला असतो.

म्हणून आम्ही हौशी रेडिओवाले त्या दिवशी आमचं स्वतःचं जाळं उभारतो. गच्चीवर लावतात तसले जुने राउटर घ्यायचे, आतलं सॉफ्टवेअर बदलायचं, आणि समोरासमोर रोखून ठेवायचे. मग ते इंटरनेटवाचून एकमेकांशी बोलतात. फोटो जातो, फोनसारखं बोलणंही होतं. फक्त मध्ये काही आडवं येता कामा नये.

त्या वर्षी हरवलेल्या माणसांसाठीची दोन मदत केंद्रं आम्हाला जोडायची होती. एक लालबागला एका चाळीच्या दारात, तिथे मी. दुसरं चिंचपोकळीकडे, तिथे आमच्या गटातला एक मित्र. माझा राउटर चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका काकींच्या दारासमोर गॅलरीच्या कठड्याला बांधला होता. काकींची माझी ओळख ना पाळख. सकाळीच आमच्या बॅटरीने मान टाकली, तेव्हा मी संकोचत त्यांच्याकडे प्लग मागितला. "प्लग काय मागतंस गो, चाय पण घे," म्हणाल्या आणि मिक्सरची वायर काढून मोकळ्या झाल्या.

दुपारी दोन कार्यकर्त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना माझ्याकडे आणून बसवलं. पांढरी टोपी, जाड चष्मा. नाव विचारलं, गाव विचारलं, पाणी दिलं, आजोबा ढिम्म. मीच त्यांना पळवून आणलंय अशा नजरेने बघत होते. तेवढ्यात पलीकडच्या केंद्रातून निरोप आला. एक बाई वडिलांना शोधत रडत आली होती. वडिलांना विसरायला होतं, हृदयाचं दुखणं आहे, दुपारची गोळी तिच्याच पर्समध्ये राहिली आहे. मी झटकन आजोबांचा फोटो काढून पाठवला.

मित्राने लिहिलं, "नुसती टोपी आणि कपाळ आलंय. बाई म्हणते, अशा टोप्या पन्नास दिसल्या." आणि दुवा तुटला. आजोबांच्या कपाळावर घाम फुटला होता. तो उकाड्याचा की दुखण्याचा, मला कळेना, आणि मी घाबरले.

वर पाहिलं तर चाळीसमोर मिरवणूक थांबलेली. या चाळीचा रिवाजच आहे, गॅलरीतून फुलं उधळून आरती झाल्याशिवाय गणपती पुढे हलत नाही. एवढी मोठी मूर्ती, आत लोखंडी सांगाडा, मागे भलीथोरली प्रभावळ, आणि ती नेमकी माझ्या राउटरच्या तोंडासमोर. किती तरी दिवस आम्ही तिथे दिशा जुळवत होतो, कोन मोजत होतो. विसर्जनाच्या दिवशी या रस्त्यावरून गणपती जाईल, हे मात्र आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

केंद्रातले डॉक्टर म्हणाले, नेमकी कुठली गोळी ते कळल्याशिवाय देता येणार नाही. आजोबांना त्यांच्या हवाली करून मी जिना चढले. काकी जरीची साडी नेसून, फुलांचं ताट घेऊन कठड्याशी उभ्या होत्या. बाप्पाचा चेहरा अगदी समोर. वर्षातून एकदाच येणारा क्षण. मी धापा टाकत म्हटलं, "काकी, हा राउटर गॅलरीच्या टोकाला न्यायला हवा. खाली एका आजोबांची मुलगी हरवलीय, त्यांची तब्येत..."

त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि हाक मारली, "अगो, बोर्ड काढा सगळ्यांनी!" दारोदारचे एक्स्टेंशन बोर्ड बाहेर आले. एका घरात टीव्हीवर विसर्जनच चालू होतं, तो बंद करून त्याचा बोर्ड मिळाला. बोर्डाला बोर्ड जोडत वायर टोकाच्या कठड्यापर्यंत पोचली. तिथे बांधायला काहीच नव्हतं. काकींनी राउटर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, तोंड चिंचपोकळीकडे, पाठ गणपतीकडे.

"काकी, तुमचं दर्शन?"

"तो खंय जाता? पुढच्या वर्षी येतलोच. तू पळ."

खाली आले तर दुवा जोडला गेला होता आणि फोटो पूर्ण पोचला होता. आमच्या जाळ्यावरचा फोन पलीकडून वाजला. मुलीचा आवाज ऐकताच इतका वेळ मुके बसलेले आजोबा कडाडले, "खंय गेल्लंस गो तू? कधीपासून सोधतंय तुका!"

मी हसले आणि रडलेही. गोळीचं नाव मुलीने फोनवरच सांगितलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी ती आपल्या पेटीतून दिली. मुलगी गर्दीतून वाट काढत पोचली तोवर आजोबांचा घाम सुकला होता आणि तिला रागावणं चालूच होतं.

या गडबडीत आरती झाली, मिरवणूक कधीच पुढे गेली. राउटर सोडवायला मी वर गेले. गॅलरी रिकामी होती, जमिनीवर फुलांचा सडा. टोकाला काकी अजून तशाच उभ्या, हात वर, दंड थरथरताहेत. त्यांना थांबा म्हणून सांगायचं मी साफ विसरले होते.

पावलं ऐकून त्यांनी मान न वळवताच विचारलं, "गावला काय त्येचा चेडू?"

"गावली मुलगी, काकी."

"मग आता हात खाली करू?"