एकदाच ओढायची रेघ

आम्ही अक्षरं गिरवून शिकलो. पाटीवर बाईंनी काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल इतक्या वेळा फिरवायची, की वाकडं वळण जाड होत होत सरळ दिसायला लागायचं. त्यामुळे इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या लायब्ररीतल्या चिनी कॅलिग्राफीच्या क्लासमध्ये पहिली रेघ वाकडी आली, तेव्हा मी ब्रश सरळ तिच्यावरून पुन्हा फिरवला. आमच्या ऐंशी ओलांडलेल्या चिनी टीचरनी माझं मनगट धरलं. "वन टाइम," त्या म्हणाल्या. तरी सवय जाईना. दर शनिवारी माझा कागद ओला होऊन फाटायचा आणि त्या मनगट धरायच्या. साठी आली, पण धाक शाळेतलाच.

त्या उभ्याने लिहायच्या. रेघ बोटांतून नाही, कमरेतून येते, असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायच्या. त्याच रेघांनी बांबूही काढायच्या. लिहिणं कुठे संपलं आणि चित्र कुठे सुरू झालं, ते मला कळायचं नाही.

माझी मुलगी नाचते. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तिने कंटेम्पररी डान्स धरला, तेव्हापासून आमचं बोलणं 'जेवलीस का, पोचलीस का' एवढ्यावर आलं होतं. तिच्या एकाही कार्यक्रमाला मी गेले नव्हते. कधी पाहुणे, कधी गुडघा. खरं म्हणजे मला राग होता. शिवाय तिने पाठवलेल्या व्हिडिओंत ती नुसती पडायची नि उठायची.

मार्चमधल्या एका शनिवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून ती मला न्यायला आली. टीचर एक मोठं अक्षर लिहीत होत्या. मुलगी दाराशीच थांबली. ब्रश कागदावर टेकला तसे तिचे गुडघे वाकले, ब्रश वळला तशी तिची पाठ वळली. तिचं तिलाही ते कळत नव्हतं. टीचरनी मान वर करून पाहिलं, नवा कागद घेतला आणि या वेळी तिच्याकडे बघत लिहायला लागल्या. कोण कोणामागून जातंय, सांगता येईना. पोरीला मी जणू पहिल्यांदा बघत होते, आणि मला माझीच लाज वाटली.

पार्किंगमध्ये मी विचारलं, पुढचा शो कधी.

"लास्ट वीक संपला, आई," ती म्हणाली. "तुझं तिकीट ठेवलं होतं मी."

तिने किल्ली खिशात टाकली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि दोन गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत, मळक्या बर्फाच्या ढिगाशेजारी, सगळा नाच केला. संगीत नव्हतं. ती पडली तेव्हा मी तिला धरायला एक पाऊल पुढे टाकलं. उठली तेव्हा मी रडत होते.

धापा टाकत ती समोर येऊन उभी राहिली.

"पुन्हा दाखव ना," मी म्हणाले.

"सेम नाही होणार, आई."

"नको होऊ दे," मी म्हणाले, आणि तिचा कोट पोटाशी धरून गाडीला टेकून उभी राहिले.