गेल्या वर्षीचं पान

"वन्सं, पान मोडून टाका. अख्खं टाकलं की मधला दांडा जळत नाही, मग चाळणीत नुसत्या काटक्या."

"मोडते. पण वहिनी, तुझं पान कुठाय?"

"घरात. आणते मागून."

"सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणतेस. घर काय सातासमुद्रापार आहे? भिंतीपलीकडे तर आहे!"

राखमावशीची नणंद तोंडाची फटकळ, पण खोटं बोलत नव्हती. मावशीनं घमेल्यातल्या झावळ्या सळईनं उलट्यापालट्या केल्या नि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

चर्चच्या मागच्या अंगणात ती हे काम एकवीस वर्षं करते आहे. एरवी ती झाडलोट करणारी बाई. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मात्र तिच्यापुढे फादरचंही चालत नाही. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेलं झावळीचं पान घरोघर वर्षभर क्रुसामागं खोचलेलं असतं. ती दारोदार हिंडून ते परत मागते, जाळते, कुटून वस्त्रगाळ करते. दुसऱ्या दिवशी तीच राख पश्चात्तापाची खूण म्हणून सगळ्यांच्या कपाळाला लागते.

पहिल्या वर्षी तिनं राख पाण्यात कालवली होती. ओली राख कातडी खाते, हे राखेनं भांडी घासण्यात जन्म गेलेल्या बाईला कळायला नको? बुधवारी अर्ध्या लोकांच्या कपाळाला फोड. तिचा नवरा घंटा वाजवायचा. तो दोर सोडून हसत सुटला, "यंदा पश्चात्ताप पार कातडीपर्यंत पोचला बघ!" राखमावशी हे नाव त्यानंच पाडलं.

चार महिन्यांपूर्वी तो गेला. गेल्या झावळ्यांच्या रविवारी त्यानं आपल्या जाडजूड बोटांनी पान विणून क्रूस केला होता. तोच तिच्या घरात होता.

तिचा नियम एकच, पान परत द्यायचं, कुणाला सूट नाही. गेल्या वर्षी पाववाल्याच्या बायकोची सहा वर्षांची लेक गेली होती. पोरीनं हातात मिरवलेलं पान ती बाई सोडेना. राखमावशीनं पुढे केलेला हात मागे घेतला नाही. "पान राखून माणूस राखलं जात नाही, पोरी. दे." तिनं दिलं. त्यानंतर वर्षभर पाव देई, पण एक शब्द बोलत नसे.

आता तीच दारातून आत आली. यंदाचं आपलं पान तिनं मोडून घमेल्यात टाकलं. नणंदेचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं.

"मावशी, तुमचं राहू द्या. एका पानानं राख कमी पडत नाही. मी कुणाला बोलणार नाही."

तिनं शिवी घातली असती तर परवडलं असतं. राखमावशी उठली, घरात गेली नि क्रूस घेऊन आली. घमेल्यावर हात धरला. आच लागली तरी मूठ सुटेना.

"हात चालत नाही गं. तू टाक."

पाववालीनं क्रूस घेऊन उलटापालटा पाहिला. "त्यांच्या हातचा?"

"हो. गाठ उलटी मारायचा. सांगून सांगून दमले."

मग पाववालीनं हलकेच विचारलं, "दांडा मोडू आधी?"

"मोड."

कट्कन आवाज झाला. वीतभर ज्वाळ उठली नि बसली. नणंदेनं सळईनं उरलेल्या काटक्या आत ढकलल्या.

राख निवल्यावर तिघींनी ती कुटली, चाळली. त्याचं पान कुठलं नि बाकीच्यांचं कुठलं, काही कळत नव्हतं.

"पाणी घालू?" पाववालीनं हसू दाबत विचारलं.

"घाल. मग उद्या फोडाला पहिलं कपाळ तुझंच."

राखमावशीनं वाटी झाकून वेदीमागं ठेवली. हात झटकले, फडकं पिळलं. चौदा बाकं पुसायची राहिली होती, ती पहिल्यापासून पुसायला लागली.