मामांनी न सांगितलेलं कारण

मामा गेले. आणि सकाळपासून गावच्या ग्रुपवर तेच जुनं खोटं फिरतंय.

"उत्तम प्रशिक्षक, पण भाचीच्या सिलेक्शनमुळे वादात सापडले."

मामा म्हणजे माझे मामेसासरे. भाची म्हणजे माझी नणंद, सुनंदा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामा कबड्डी शिकवायचे, आणि त्या वर्षी मुलींच्या जिल्हा संघाचे सिलेक्टर होते. ट्रायल ठेवली सोनईजवळ आमच्याच गावात, भैरोबाच्या देवळापुढच्या पटांगणात.

नेमकी त्या पहाटे सुनंदाला पाळी आली.

आमच्या घरात अशा वेळी देवापुढं पाय ठेवत नाहीत. मी आजही ठेवत नाही.

मामांना चहा देताना मी खाली बघून एवढंच सांगितलं, "सुनंदाला आज पटांगणात उतरता येणार नाही."

"बरं," म्हणाले. कप ठेवला आणि गेले.

सुनंदा दिवसभर रस्त्याकडेला टेम्पोत बसून राहिली. पाय लांब करून.

पेपरात खेळाचा कॉलम लिहिणारे एक साहेब आले होते. त्यांनी तिला लांबून पाहिलं. विचारलं कुणालाच नाही.

पेपर विकत घेणारी मी नव्हे, पण संघ जाहीर झाल्यावर त्यांचा कॉलम आला, तो घेतला. त्यात लिहिलेलं, गुडघा निकामी झालेली मुलगी ट्रायल न देता संघात, कारण मामाची माया.

"असं दिसतं" नाही, "असं वाटतं" नाही. डॉक्टरनं सर्टिफिकेट द्यावं तसं लिहिलेलं.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. जिचं नाव राहिलं त्या मुलीचे वडील पेपर घेऊनच आले.

"मामा, माझी लेक दिवसभर धुळीत लोळली. तुमची भाची टेम्पोत बसून पास. आसं का, तेवढं सांगा."

मामा म्हणाले, तिचा खेळ वर्षभर बघतोय.

"मग त्या दिवशी का न्हाई खेळली?"

दाराआड सुनंदानं माझा हात घट्ट धरला. मीच जाऊन सांगते, म्हणाली. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या, तिला बाहेर पडू देईनात.

ओसरीवर सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर ते सुटले असते. आणि पोरगी गावभर चघळली गेली असती.

"कारण हाय," मामा म्हणाले. "सांगायचं न्हाई."

"मंग पेपरातलं खरं."

"खरं धरा. पोरीचं नाव संघात ऱ्हाईल."

सुनंदा खेळली. जामखेडच्या मॅचला तिच्या चढाया बघायला लोक भिंतीवर चढले.

त्याच साहेबांनी मग लिहिलं, गुडघ्यावरच्या उपचारांना यश आलं.

मामा तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

पण सिलेक्टर म्हणून त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

मघाशी सुनंदाचा फोन आला.

"वहिनी, तुमी लिहा. माझ्या नावासकट लिहा."

मामा, सांगून टाकलं. रागावू नका.

देवापुढं तुमच्या नावानं दिवा लावलाय. सुखानं जा.